मेलने आलेला पॅच

४ नोव्हेंबर, मंगळवार
ऑफिसला निघताना मेल आली. अनिकेतची. "पंधरा तारखेपासून आपली मेलिंग लिस्ट बंद. यापुढे बदल फक्त वेबसाइटवर, पुल रिक्वेस्टनेच." खाली हसरा चेहरा.

ब्रेलचं सॉफ्टवेअर आम्ही दोघं सांभाळतो. मराठी-कन्नड मजकूर आत घातला की ब्रेलचे ठिपके बाहेर. पगार कुणालाच नाही, हौसेचं काम. त्याला मीच आणलं यात. आणि हा निर्णय मला लिस्टवरच्या बाकीच्यांबरोबर कळतो. राहतो इथेच म्हैसुरात, कुवेंपुनगरात. स्कूटर काढली असती तर चहा होईपर्यंत पोचला असता. निदान फोन?

उत्तर लिहिलं. पुसलं. डबा घरीच राहिला.

५ नोव्हेंबर, बुध.
श्रीकांत म्हणाला, "त्यात एवढं चिडण्यासारखं काय? पोस्टाऐवजी कुरिअर, एवढंच ना?"

नवऱ्याला समजावलं. पॅच म्हणजे फक्त बदललेल्या ओळी, साध्या मजकुरात. मेलने येतात, कुणीही वाचतं, त्या त्या ओळीखाली आपलं म्हणणं लिहून उलट पाठवतं. पुल रिक्वेस्ट म्हणजे 'माझा बदल घ्या' अशी विनंती, पण त्यासाठी परक्या कंपनीच्या वेबसाइटच्या दारात जायचं, खातं उघडायचं, त्यांची बटणं दाबायची. उद्या त्यांनी दार लावलं की आमची सगळी चर्चा आत.

"मग लोक तिथे जातात कशाला?"
सोपं पडतं म्हणून. हे कबूल करावं लागलं.

आणि शंकररावांचं काय? अ.ने त्यांचा विचारही केलेला नाही.

शंकरराव पवार, नजरबादचे. पूर्वज म्हैसूरच्या फौजेत आलेले, तेव्हापासून इथलेच. बँकेतून निवृत्त. जन्मापासून दिसत नाही. कन्नडचा भाग जवळजवळ सगळा त्यांनी लिहिलेला. संगणक त्यांना पडदा वाचून दाखवतो. मेल ते सरळ ऐकत जातात. त्या वेबसाइटचं पान त्यांनी मागे मला ऐकवलं होतं. बटन, लिंक, बटन, लिंक. कोणती ओळ काढली नि कोणती घातली, ते फक्त लाल-हिरव्या रंगात. रंग कसा ऐकायचा?

८ नोव्हेंबर, शनि.
शंकररावांचा पॅच आला. नेहमीसारखा, स्वच्छ. कंसानंतर आकडा आला की आमच्या सॉफ्टवेअरमध्ये अंकाचं चिन्ह गळतं, ते त्यांनी दुरुस्त केलंय. ब्रेलमध्ये आकड्यांचे आणि अक्षरांचे ठिपके तेच. आधी ते चिन्ह नसेल तर १२ चं "अब" वाचलं जातं. कडकोळच्या ब्रेल प्रेसमध्ये सातवीचं गणित छापायला घेतलंय, आमच्याच सॉफ्टवेअरवर. गणितात कंस किती असतात.

दुपारी अ.चं उत्तर, लिस्टवर, सगळ्यांसमोर: "कृपया पुल रिक्वेस्ट करा."

आज आठ तारीख. पंधरा नाही.

फोन केला. बोलणं वाढलं. तो म्हणाला, "मेधाताई, गेल्या वर्षात नवीन कोण टिकलं, सांगा ना. पोरं मेलने पॅच पाठवतात, मेलमध्ये ओळी तुटतात, मोकळ्या जागा उडतात. मग आपल्यातलंच कुणीतरी चार लोकांत झापतं. ती परत येत नाहीत. मीसुद्धा पळणार होतो."
"तुला कोणी झापलं?"
"जाऊ द्या."

मीच असणार. असेन. पण म्हणून शंकररावांचा पॅच न उघडता परत?

९ नोव्हेंबर, रवि.
लिस्टवर लांबलचक मेल टाकली. काही मागे ठेवलं नाही. आंधळ्यांसाठी म्हणवणारं सॉफ्टवेअर त्यात राबणाऱ्या एकमेव आंधळ्या माणसाच्या तोंडावर दार लावतंय, असं लिहिलं. शंकररावांचं नाव घालून. पाठवल्यावर बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी श्रीखंड केलं.

११ नोव्हेंबर, मंगळ.
उत्तरांचा ढीग. बरेच माझ्या बाजूने. पण सूर भलताच. "बिचाऱ्या शंकरजींसाठी काहीतरी करायला हवं." "एखाद्या स्वयंसेवकाने त्यांच्या वतीने पुल रिक्वेस्ट भरावी." बिचारे? ह्या लिहिणाऱ्यांच्या चुका ते बसून दुरुस्त करतात.

अ. गप्प. शंकररावांना दोनदा फोन केला, उचलला नाही.

१६ नोव्हेंबर, रवि.
लिस्ट काल बंद झाली. आज सरळ नजरबादला गेले. सरोजक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, दार उघडलं. कॉफी दिली, पण नेहमीसारख्या बसल्या नाहीत. तेव्हाच समजायला हवं होतं.

शंकरराव त्यांच्या कन्नड मिसळलेल्या मराठीत म्हणाले, "नोडी मेधाबाई, माझं नाव सुम्ने, उगाच मधे का घातलं? मला विचारलं का?"
मी म्हटलं, तुमच्यासाठीच भांडले ना.
"माझ्यासाठी नाही. मेलसाठी भांडलात. मला पुढं उभं केलं." मग, "मला मेल आवडते, म्हणून मी मेल पाठवतो. दिसत नाही म्हणून नाही. तुम्हाला दिसतं. तुम्ही पण मेलच पाठवता, अल्वा?"

मी कप खाली ठेवला. तेच पुढे म्हणाले,

"ते पान वाईट आहे, ते खरं. पण ते मी सांगेन. मला बिचारा म्हणतात आता ते लोक. चाळीस वर्षं बँकेत कुणी म्हटलं नव्हतं."

प्रेसचं सांगितलं. बुधवारी छपाई सुरू. म्हटलं, अ.ने कळवलंय, मी माझ्या खात्यातून तुमच्या पॅचची पुल रिक्वेस्ट केली तर लगेच घेईल. करू का?
"बेडा. तुमच्या हातानं नको. मेलनं पाठवलाय, मेलनंच घ्या. नाहीतर राहू दे."
"पण मुलांच्या पुस्तकात चूक छापली जाईल."
"मग तुम्ही दोघं ठरवा, पुस्तक मोठं की नियम मोठा. माझा पॅच तुमच्याकडे आठ दिवस पडलाय."

घरी येताना वाटेत रडू आलं. रागाचं. कुणाचा राग, ते धड कळेना. अ.चा आहेच. शंकररावांचाही आला, आणि त्यांचं खरं होतं म्हणून जास्तच आला.

१८ नोव्हेंबर, मंगळ.
सकाळी कडकोळहून लोकेशचा फोन. प्रेस तोच बघतो. "मेडम, उद्या मशीन लावणार. नवीन व्हर्जन आलं तर आज द्या, नाहीतर आहे त्यावर छापतो." आहे त्यावर. इतक्या सहज.

अ.ला लिहिलं, मी शंकररावांचा पॅच मेलमधून सरळ घेतेय. त्याचं उत्तर: "नियम आपणच मोडला तर बाकीच्यांना काय सांगायचं? मला तो काढावा लागेल."

काढ म्हटलं.

जेवणाच्या सुट्टीत घेतला. एका आज्ञेत, जसा इतकी वर्षं घेत आले. तपासण्या सगळ्या पास. लेखक: शंकरराव पवार. माझं नाव कुठे नाही. लोकेशला कळवलं. त्याने उतरवून घेतलं, एक पान छापून पाहिलं, म्हणाला कंस बरोबर आले.

दुपारभर अ.ची वाट पाहिली. काढेल, मी परत घालीन, तो परत काढेल, लोक तमाशा बघतील. मनात भांडण तयारच होतं, वाक्यावाक्याने.

संध्याकाळी त्याची मेल. मेल, बरं का. "पाहिलं. काढत नाही. पण लिस्ट उघडणार नाही, नियम तोच. एक विचारायचं होतं. त्या पानावर नक्की काय अडतं, ते शंकररावांच्या शेजारी बसून ऐकायचंय. शनिवारी मला तिकडे घेऊन जाल का?"

आधी लिस्ट उघड म्हणावं, मग ऐक. असं लिहायला घेतलं होतं. मग म्हटलं, ह्या वेळी आधी विचारू.

शंकररावांना फोन केला. या वेळी उचलला. सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी.

"येऊ दे त्याला," म्हणाले. "स्वल्प लवकर ये म्हणावं, दहाच्या आत."
"बरं. आम्ही साडेनऊला निघतो."
"तुम्ही नको, मेधाबाई. तो एकटाच येऊ दे."