अडतीस नंबरचं जाकीट

आई, मी जर्मनीला जाऊन आले. तू गेलीस तेव्हा माझं आयटीआयसुद्धा पुरं झालं नव्हतं, म्हणून सगळं सुरुवातीपासून सांगायला हवं. चाकणच्या कंपनीत मी वेल्डिंगच्या रोबोंची लाइन बघते. नवा रोबो यायचा होता, तो शिकायला दोघांना पाठवायचं ठरलं आणि त्यात माझं नाव आलं. तिकडून मेल आली, संरक्षक जाकिटासाठी साइझ कळवा. मी अडतीस कळवलं. ब्लाउज शिवायला टाकताना आजवर तेच सांगत आले होते.

पहिल्या सकाळी जाकीट हातात आलं, ते खांद्यांच्या पुढं सरकेना. चेन लागायचा तर प्रश्नच नव्हता. तिथला शिकवणारा शांतपणे म्हणाला, चेन गळ्यापर्यंत लागल्याशिवाय रोबोभोवतीच्या संरक्षक जाळीच्या आत कुणालाच सोडत नाही. माझ्याबरोबरचा इंजिनिअर हसला. "ताई, तुम्ही बाहेरून बघा. आतलं मी शिकतो, मग तुम्हाला समजावतो." एवढ्या लांब मी बाहेरून बघायला गेले नव्हते. पण खरं सांगते, सगळे माझ्या अंगाकडंच बघतायत असं वाटलं.

आणि डांगे चौकातलं ते दुकान आठवलं. माझी दहावी झालीय, कॉलेजसाठी ड्रेस घालून बघतेय, पोट आत ओढून, श्वास कोंडून आरशासमोर उभी आहे. दुकानदार म्हणतोय, "बसतोय की! जरा बारीक झाली की झकास दिसेल." तू माझ्या पाठीत धपाटा घालतेस. "सोड तो श्वास! कापड बदलून मिळतंय, पोरीला कुठं कापू?" मग त्याच्याकडं वळून, "दुसरा दाखवा. न्हाई तर आमी चाललो." सगळं दुकान वळून बघत होतं. तेव्हा मला तुझाच राग आला होता.

मी जाकीट काढलं, घडी घातली आणि मोडक्या इंग्रजीत म्हटलं, टेप द्या. तिथल्या स्टोअरमधल्या बाईंनी छातीचं माप घेतलं. शहाण्णव सेंटिमीटर. तेव्हा डोक्यात उजेड पडला. माझं अडतीस होतं इंचांत, आणि त्यांचं अडतीस इंचही नाही नि सेंटिमीटरही नाही, नुसता नंबर, माझ्यापेक्षा पुष्कळ बारीक अंगाचा. त्यांच्या हिशोबानं मी बेचाळीस. दुसऱ्या जाकिटाच्या कॉलरमागं पट्टी होती, जर्मनी ४२, फ्रान्स ४४, इटली ४८, इंग्लंड १६. बाई तीच, अंग तेच, वेस ओलांडली की आकडा दुसरा. मग त्या आकड्याला काय म्हणून लाजायचं? चेन गळ्यापर्यंत ओढली, दोन्ही हात वर करून बघितले आणि इंजिनिअरच्या आधी जाळीत शिरले.

परत आले तर आमच्या लाइनवरच्या बायकांसाठी तिकडूनच जाकिटं मागवणं चाललं होतं. आमचा स्टोअरवाला म्हणाला, "सगळ्यांना एकच मोठा नंबर टाकतो, ताई. ढगळ झालं तर बाह्या दुमडायच्या."

"दुमडलेली बाही अडकली की हात जातो," मी म्हटलं. "मापं मी घेणार."

तो तक्रार घेऊन साहेबांकडं गेला. त्याच्या मागोमाग मीही गेले, आणि परवानगी घेऊनच बाहेर पडले. जेवणाच्या सुट्टीत एकेकीला उभं केलं. कुणी नको म्हणाली, कुणी हसण्यावारी नेलं. एकजण कुजबुजली, "आकडा मोठ्यानं म्हणू नका हां." मी नाही म्हटला. नुसता लिहून घेतला. जाकिटं आली तेव्हा एकीचीही बाही दुमडावी लागली नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. निघायच्या आदल्या दिवशी तिथल्या बाजारात करड्या लोकरीचा, पुढून बटणांचा स्वेटर दिसला. पट्टीवरचा नंबर बघितलाच नाही. समोर धरला, तुझे खांदे आठवले आणि घेतला. आता कपाटात आहे, मला होत नाही. घरात विचारलं, तेव्हा सांगितलं, माप चुकलं माझं.