बोर्डावर न मावलेलं नाव

नालवाडी, वर्धा
रविवार, ९ मार्च २०२५

नलूले,

मोठ्या जावेचा आशीर्वाद. सहा वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नको, कोणाले काही झालं नाई. आमचे हे, तुझे भासरे, बरे आहेत, चहा मागतात अन् विसरून जातात. निकेशची ड्युटी आता सकाळची झाली. रूपराव भाऊजींचा गुडघा दुखते असं कानावर आलं होतं, आता कसा आहे?

पत्र घेऊन आली ती आमची सून, निकेशची बायको प्रेरणा. तू लग्नाले आली नव्हती म्हणून ओळख करून देते. पोरगी हुशार आहे, जरा जास्तच हुशार आहे. आपल्या सरगुंड्यांची वेबसाईट करून राह्यली.

मले वाटलं, फोटो टाकला, फोन नंबर टाकला की झालं. तसं नसते म्हणे. तिनं दोनशे पानी रजिस्टर आणलं, पेन्सिलीनं चौकोन आखले. हे पहिलं पान, हे मालाचं, हे ‘आमच्याबद्दल’चं. मोबाइलवर उघडल्याबरोबर वर काय दिसलं पाहिजे, याच्यातच तिचा एक अख्खा दिवस गेला. मग म्हणते, “आई, पुण्याच्या माणसाले आपलं नाव कुठून माहीत असणार? लोक जे तोंडानं बोलतात तेच गुगलवर टाकतात. ते शब्द आपल्या पानावर असले तर आपण दिसू.” अन् मले काम लावलं. आठ दिवस जो येईल, जो फोन करंल, त्याचं पहिलं वाक्य जसंच्या तसं लिहायचं. सुधारायचं नाई.

लिहिलं मी. “आमरसासोबत खातात ते शेवयांसारखे गोल गोल आहेत काय?” “रुखवतात ठेवायले सरगुंडे पाहिजे.” “बिना मैद्याचे आहेत ना?”

अन् “नलूबाईचे सरगुंडे इथंच भेटतात ना?”

हे पहिल्या दोन वेळा मी रजिस्टरात लिहिलंच नाई. तिसऱ्या वेळी फोन प्रेरणानं उचलला, मग लिहावं लागलं. आठ दिवसांत सव्वीस जण, त्यातल्या अकरा जणांनी तुझं नाव घेतलं. ‘अनुसया गृह उद्योग’ म्हणणारे दोन, अन् त्यातला एक वीजबिलवाला.

प्रेरणानं विचारलं, “नलूबाई कोण?”

मी म्हटलं, “होती एक कामवाली बाई. गेली सोडून.”

जीभ जराही अडखळली नाई माझी. निकेश जेवत होता, तो ताट तसंच ठेवून उठला. त्याची काकू होती ना ती.

परवा मी पीठ मळून राह्यली होती अन् प्रेरणानं ‘आमच्याबद्दल’चं पान वाचून दाखवलं. “सुरुवातीच्या काळात आमच्याकडे नलूबाई नावाच्या कामगार महिला होत्या.” मग मोठ्या खुशीत म्हणते, “आता त्यांच्या नावानं शोधलं तरी आपणच दिसू. उद्या चालू करते, साऱ्या जगाले दिसंल.”

नलू, घरातल्या घरात बोललेलं खोटं पचवलं होतं मी. ते असं छापून साऱ्या जगापुढं जाणार, हे पचणारं नव्हतं. पिठाचे हात तसेच घेऊन मी खाली बसली अन् तिले सगळं सांगितलं.

सरगुंडे मले येतच नव्हते, हे सांगितलं. कणकेची पट्टी काडीवर गुंडाळली की चिकटून बसायची. तू नवी नवरी पवनारहून आली, पेटीत काड्यांची जुडी घेऊन आली, अन् आपल्या मागच्या पडवीत माझा हात धरून शिकवलं. पहिली ऑर्डर तुझ्या नावावर आली होती. मग बोर्ड करायचा ठरला. बंडूजी पेंटरनं विचारलं, नावं किती? मी म्हटलं, एक. तुले सांगितलं, दोन मावत नाईत.

अन् मग त्याच बोर्डावर दोन मोर मावले.

तू बोर्ड पाह्यला, सगळ्याइले जेवायले वाढलं, अन् आठ दिवसांत तुम्ही दोघं पवनारले गेले. आम्ही लोकाइले सांगतो भांडण झालं. कुठं झालं भांडण? तू एक शब्द बोलली नाई. बोलली असती तर मले सोपं गेलं असतं.

आता जे तुले माहीत नाई तेही लिहिते, नाईतर या पत्राले अर्थ नाई. तू गेल्यावर गिऱ्हाईक तुले विचारायचे. मी सांगायची, तिचे हात दुखतात, तिनं काम सोडलं. सहा वर्षं हेच सांगून राह्यली. तू बसनं अर्ध्या तासावर बसलेली, अन् मी लोकाइले दारातूनच वापस पाठवत होती. चुकलं माझं, नलू. लय चुकलं.

प्रेरणा रागावली नाई. तिनं ते पान खोडलं अन् म्हणाली, “आता खरं काय ते काकूंनाच विचारून लिहू.” त्या दिवशी संध्याकाळी निकेश माझ्याजवळ बसून जेवला. मीही किती दिवसांनी पोटभर जेवली. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात, तो मले खरंच उतरल्यासारखा वाटला.

ते पान कोरं आहे. तुझं नाव नको म्हणशील तर नाई टाकणार, मग आम्ही कोणाले दिसलो नाई तरी चालंल. तू तिथं काम करत असशील तर प्रेरणा तुझा पवनारचा पत्ता अन् फोन टाकंल, म्हणजे विचारणारा सरळ तुझ्याकडं येईल. तुझा नंबर माझ्याजवळ नाई. मीच काढून टाकला होता.

मी स्वतः यायले पाहिजे होतं. पण हिंमत पत्रापुरतीच झाली. काही लिहावंसं नाई वाटलं तर वाचलं एवढंच प्रेरणाले सांगजो.

जिच्या हाती तू काडी दिली होती ती,
अनुसया


पवनार
आजच, दुपारी

मोठ्या बाईले नलूचा नमस्कार.

तुमची सून जेवून राह्यली, तोवर लिहिते. ह्यांचा गुडघा बरा आहे.

माझे हात दुखतात हे मले चार वर्षांपासून माहीत आहे. अल्लीपूरची एक बाई तुम्ही वापस पाठवली तरी पत्ता काढत इथं आली. सोबत हाताले लावायचं तेल घेऊन आली, बिचारी. मी तिले सरगुंडे दिले अन् तेल ठेवून घेतलं. ह्यांच्या गुडघ्याले तेच लावून राह्यली.

राग आला होता, बाई. बोर्डाचाही आला अन् हाताचाही. बस तुमच्या दारावरून जाते, तर मी कितीक दिवस पलीकडच्या खिडकीशी बसायची. तुम्ही एवढं सगळं लिहिलं नसतं तर आजही तिकडंच बसली असती.

आता कामाचं. प्रेरणानं मोबाइलवर फोटो दाखवला. ते सरगुंडे काडीवरून ओले असतानाच काढले, टोकं उघडी पडली. कोणाचा हात आहे ते मी लगेच ओळखलं. असा फोटो माझ्या नावाखाली साऱ्या जगाले दाखवायचा नाई. बुधवारी काड्या घेऊन येते. तोवर पान कोरंच राहू द्या.

अन् एकटं माझं नाव टाकू नका. दोघींचं टाका. तिथं जागा भरपूर असते असं प्रेरणा सांगून राह्यली.

नंबर तिच्याजवळ दिला आहे. वेबसाईटवर मागाहून टाका, आधी तुमच्या मोबाइलमध्ये टाका.

हात ठणठणीत असलेली,
तुमची नलू