माझ्या मयताला आलेली पाहुणी

रहिमतपूर,
गुरुवार

प्रिय भार्गवी,

जिवंत हौसाआजीचा आशीर्वाद घे. जिवंत हा शब्द मुद्दाम घातलाय, कारण तू पळालीस तेव्हा त्याबद्दल गावात दोन मतं होती.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हा कागद. सौमित्र म्हणाला, आजी, तुम्ही नुसतं बोला, मी रेकॉर्ड करून तिला पाठवतो. मी म्हटलं, नको बाबा. तुझ्या त्या केसाळ माईकात एकदा बोललेलं परत गिळता येत नाही. कुणाला गिळता आलं नाही ते पुढं सांगते. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यानंतर सही सोडली तर काही लिहिलेलं नाही. तेव्हा अक्षराला हसू नकोस. तुझ्या चित्रांना मी हसले ती गोष्ट वेगळी.

आधी कामाचं. तुझी कोळशाची पेटी माझ्या खिडकीत पडून आहे. आणि त्या गडबडीत तू एक चप्पल तुझी आणि एक माझी घालून सांगलीला गेलीस. आता मी एका पायात तुझी नक्षीची आणि एका पायात माझी रबरी घालून गिरणीला जाते. लोकांना वाटतं हेही प्रदर्शनातलंच आहे. कोण काही बोलत नाही, उलट दोघातिघांनी फोटो काढले.

तू यायच्या आधीचं तुला माहीत नाही, म्हणून सांगते. आकाराम अण्णा पलटणीतून सुभेदार होऊन परत आले आणि कलामंडळाचे अध्यक्ष झाले. त्यांनी मीटिंगमध्ये सांगितलं, आपण निवासी कलाकार आणायचे. महिनाभर ते आपल्यात राहणार, आपण जेवायला घालायचं, त्यांनी मनाला येईल ती कला करायची आणि शेवटी गावाला दाखवायची. मागून कुणीतरी बोललं, खायाला आमचं आणि काम त्यांच्या मनाचं, म्हंजी जावईच की ओ! अण्णांना हसलेलं चालत नाही. त्यांनी शिट्टी वाजवून ठराव पास केला. तीच शिट्टी तुम्हाला सकाळी उठवायला वाजायची. तुझ्याबरोबर आलेला, आवाज गोळा करणारा सौमित्र बिचारा कलामंडळाच्या खोलीत, गणपतीच्या मांडवाचे बांबू आणि फुटका हार्मोनियम यांच्यामध्ये झोपायचा. तू पोरगी, म्हणून तुला माझ्याकडं धाडलं. माझा पोरगा पृथ्वीराज लष्करात, बायकापोरं घेऊन जम्मूला, घर मोकळंच. मला वाटलं, पोरगी येतीय, हाताखाली चार भाकऱ्या तरी थापील. तुला तव्यावरच्या भाकरीकडं लक्ष ठेव म्हटलं, तर तू तिचं चित्र काढलंस. चित्र चांगलं झालं. भाकरी करपली.

मग तुला माझं तोंड काढायची हुक्की आली. मी म्हटलं, काढ बाई, लसूण सोलता सोलता बसते. पण तुझा हात म्हणजे! एका नाकाला तू दोन दिवस लावलेस. काढायचीस, पुसायचीस, डोळा बारीक करून बघायचीस, परत काढायचीस. हे नाक देताना देवानंसुद्धा एवढा वेळ घेतला नसंल. आळीत ज्याला त्याला मी तेच सांगत सुटले होते, की आमच्याकडं एक कलाकार आहे, गोगलगाईच्या गावची.

पण झालं ते चित्र. दाराएवढं मोठं, काळंभोर. सुरकुत्या सगळ्या आल्या, एक सुटली नाही. अण्णांनी हुकूम सोडला, उद्या उद्घाटन, आज चित्र चौकात कलामंडळाच्या फाटकावर लागलं पाहिजे. तू लावलंस आणि आत गेलीस. तिथपर्यंत तुझी काहीच चूक नाही, हे मी सगळ्यांना सांगितलंय. पुढचं त्या फुलवाल्या धुळ्यानं केलं. त्याचं फुलांचं दुकान समोरच. मला म्हणाला, आवं आजी, एवढी मोठी बाई नुसती टांगलेली बघवंना, म्हणून हार घातला. उदबत्ती बी माझ्याकडचीच. आता सांग, चौकात काळंपांढरं चित्र, त्याला झेंडूचा हार, खाली उदबत्ती. येणाऱ्याजाणाऱ्यानं काय समजायचं? वाढदिवस?

त्या वेळी मी गिरणीत होते. ज्वारीचं पीठ घेऊन आळीत वळले, तर माझ्या दारात बाया बसलेल्या, डोक्यावर पदर घेऊन. भार्गवी, लष्करातल्या पोराच्या आईला दारातली गर्दी बघून दुसरं काही सुचत नाही. पिठाचा डबा हातातून कधी सुटला ते कळलं नाही. पाय ओढत गेले आणि सगळ्यांच्या मागं बसले. शेजारच्या क्रांतीला विचारलं, कोण गं? तिनं वर न बघता नाक ओढत सांगितलं, हौसाकाकू गेल्या.

मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू!

मी म्हटलं, अरेरे, कवा? ती म्हणाली, सकाळीच म्हणं, चौकात फोटो लागलाय. मी म्हटलं, काय झालं हुतं? ती म्हणाली, काय न्हाई, तोंडानं फटकळ, पण मनानं बरी हुती. आणि मग तिनं डोळे पुसून माझ्याकडं बघितलं. पुढची किंकाळी तू कलामंडळात ऐकलीच असशील. अण्णा धावत आले आणि गर्दी पांगवायला शिट्टी वाजवायला लागले, त्यानं आणखी लोक आले. तू येऊन सॉरी सॉरी म्हणत रडत होतीस ते मला दिसत होतं, पण मी कामात होते. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून लोकांनी भाकरी-पिठलं बांधून आणलं होतं, ते परत न्यायच्या आत उतरवून घ्यायचं होतं. वळून बघते तर तू नाहीस, तुझी पिशवी नाही, माझी चप्पल नाही.

तुला वाटलं गाव तुला मारणार. अगं, गाव खूश आहे. क्रांतीनं दोन वर्षांपूर्वी नेलेलं माझं पितळी पातेलं त्या दिवशी रडत रडत आणून ठेवलं होतं. मी जिवंत निघाल्यावर ती ते हळूच उचलायला बघत होती, पण मी त्यावर बसले. इलेक्शनला उभं राहायची खाज असलेल्या एका पोरानं तर तासाभरात श्रद्धांजलीचा फ्लेक्स छापून आणला. त्यात माझा फोटो बटाट्याएवढा आणि त्याचा ताटाएवढा. मी तो ठेवून घेतला. म्हशीच्या गोठ्यावर घातलाय, गळायचं बंद झालं. हार म्हशीनं खाल्ला.

आता या पाहुणीचं सांगते. ती आत्ता माझ्या परड्यात बसून माझ्याच शेंगा फोडतीय आणि फोडण्यापेक्षा खातीय जास्त.

माझी धाकटी बहीण लीला सांगलीत असते, हे मी तुला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतं. तिच्या पोराच्या, वीरधवलच्या लग्नात तिनं मला मानाची साडी दिली. मी घडी उलगडली तर काठाला माझ्या हातचं रफू. तिच्या वास्तुशांतीला मीच तिला दिलेली साडी, रफू करून दिलेली, ती फिरून माझ्याच ओटीत! मी ते तिथंच, मांडवात बोलून दाखवलं. मंगलाष्टकं चालू होती. हळू बोलायची मला सवय नाही. नवरीच्या मामानं अक्षता टाकायच्या थांबवल्या. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. तिचा नवरा गेला तेव्हा मी गेले होते. ती सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली आणि माझ्यापाशी आल्यावर वळसा घालून पुढं गेली. मीही गळा पुढं केला नाही.

तर मी गेल्याची बातमी कुणीतरी मोबाईलवर टाकली आणि ती फिरत फिरत सांगलीत पोचली. मी जिवंत आहे ही बातमी पोचली नाही, त्या बातमीला कोण पुढं ढकलतंय? दुसऱ्या दिवशी मी आत पीठ चाळत होते. सौमित्र दारात बसून म्हशीचा रवंथ रेकॉर्ड करत होता. तेवढ्यात आळीच्या टोकाला हेल निघाला. आक्के गं, माझे आक्के! आवाज ओळखला मी. क्रांती तिला अडवायला पुढं झाली, तशी मी दाराआडून हातानं खूण केली. म्हटलं, येऊ दे. बोलू दे.

आणि बोलली गं. मला न सांगता गेलीस की गं आक्के. आता माझी उणीदुणी कोण काढंल गं. लहानपणी मला काखंत मारून वढ्यावर न्यायचीस गं. ते मला आठवत नव्हतं, तिला आठवत होतं. मी चाळण धरून तशीच उभी. मग म्हणाली, साडी तुला नवीच घ्यायची हुती गं आक्के, दुकान बंद हुतं, घाईत कपाटातली हाताला लागली, मला रफू दिसलंच न्हाई गं!

तिथं मला राहवलं नाही. बाहेर आले आणि विचारलं, ऐन लग्नसराईत सांगलीतलं कुठलं गं दुकान बंद हुतं?

लीला खालीच बसली. मग उठली आणि हातातल्या भाकरीच्या गाठोड्यानं तिनं मला मारायला सुरुवात केली. मेली न्हाईस व्हय! मी कराडला गाडी बदलून आले! पाय दुखत्यात माझे! मारताना रडत होती आणि रडताना मारत होती, आणि सौमित्रनं सगळं माईकात धरलं. आता लीला म्हणते, साडीचं मी काही बोललेच नाही. तो वाजवून दाखवतो. ती म्हणते, हा आवाज माझा न्हाई, हे पोरगं मशीनमधनं कायबी काढतंय. मी रोज एकदा लावायला सांगते. ओढ्याचा भाग झाला की बंद करायला लावते, पुढचं भांडण मला पाठ आहे.

तेव्हापासून ती इथंच आहे. चहाला नावं ठेवते. मीठ जास्त म्हणते आणि दुसऱ्यांदा वाढून घेते. माझ्याकडं टीव्ही नाही म्हणून रोज संध्याकाळी मालिकेत आता काय चाललं असंल ते मनानं सांगते, आणि मालिकेतल्या सासवा माझ्यासारख्या आहेत म्हणते. डोकं उठवलंय.

तुझं चित्र अण्णांनी आत भिंतीवर नेलंय. ते बघून आळीतल्या सगळ्या म्हाताऱ्या तुझी वाट बघतायत. त्यांचं म्हणणं, आमी गेल्यावर पोरं आधारकार्डावरचा फोटो नेऊन फ्लेक्सवाल्याला देणार, त्यात आमी पाकीटमार दिसतो. त्यापेक्षा आत्ताच काढून ठेवलेलं बरं. अण्णांनी उद्घाटन पुढं ढकललंय. ते म्हणाले, पलटणीत पळालेल्याला फरारी म्हणतात, पण पोरगी परत आली तर मी रजा मांडून घेईन. अण्णांकडून याहून गोड बोलणं आजवर कुणाला मिळालेलं नाही. तेव्हा आता मुळूमुळू रडणं पुरे. चित्र सोडून कसल्या क्लासला जायचं म्हणतेस असं सौमित्र सांगत होता. क्लास कुठं पळून जात नाही.

आता खरं काम. लीलाचा आणि माझा एकत्र असा एकही फोटो नाही. आमच्या लहानपणी फोटो निघत नव्हते, आणि मोठेपणी आम्ही एका फोटोत उभ्या राहत नव्हतो. तुझं चित्र बघून लीला म्हणाली, आपलं दोघींचं एक काढून घेऊ त्या पोरीकडनं, आणि ते पुरं झालं की मी चालले सांगलीला. पिशवी भरून तिनं दाराशी ठेवलीय. वीरधवल बेंगलोरला, सांगलीत ती आणि तिचा टीव्ही. राहा असं मी म्हटलं नाही. म्हटलं की ती उलटं करणार, लहानपणापासून तशीच आहे. तेव्हा तू ये, माझी चप्पल घेऊन ये, आणि तुझ्या हाताला मी जी जी नावं ठेवली ती सगळी विसर. लीलाचं नाक माझ्यापेक्षा लांब आहे, घाई केलीस तर चुकशील. काढ, पूस, डोळा बारीक करून बघ, परत काढ. मी एका शब्दानं बोलणार नाही. आणि मी त्या चित्रात तीच रफूची साडी नेसणार आहे. होय, ठेवलीय. तिच्या काठाला वेल आहे, अंगठ्याच्या नखाएवढ्या पानांची, पदरापासून निऱ्यांपर्यंत. त्यातलं एकही पान गाळू नकोस.

तुझीच, परत कवा येतीस ते बघत बसलेली,
हौसाआजी