अठ्ठ्याहत्तर मीटर

निशिनोमिया, ८ ऑक्टोबर १९४३

ती. तोमिएताईस सा. न. वि. वि.

आधी साखरेचं. भावोजींच्या वर्षश्राद्धाला लाल चवळी गोड करायला चिमूटभर साखर नाही, असं तू लिहिलं होतंस. सोबत पाऊण किलो पाठवतो आहे. चोरलेली नाही. हल्ली सामन्याआधी आम्हा बेसबॉलवाल्यांना नकली हातबॉम्ब फेकायला लावतात. सर्वांत लांब फेकणाऱ्याला साखर. मी अठ्ठ्याहत्तर मीटर फेकला. लष्करी अधिकाऱ्याने नाव लिहून घेतलं, वर्तमानपत्रवाल्याने फोटो काढला.

मग सामना. एरवी नऊ डावांत आटपतो, पण सतरा डाव झाले तरी कोणाचीच धाव नाही. पंच बरोबरीत सोडवायला निघाले, तर तोच अधिकारी म्हणाला, बरोबरी म्हणजे अर्धी शरणागती. आमच्याकडून पहिल्यापासून चेंडू मीच फेकत होतो; अठराव्या डावात माझा खांदा कटकन वाजला, पुढचा चेंडू अगदीच मऊ गेला आणि आम्ही एका धावेने हरलो. आता हात कानापर्यंत जात नाही. बरंच झालं म्हणायचं. असला खांदा लष्कराला काय कामाचा?

तुझ्या रागाच्या प्रतीक्षेत,
इसाओ

मात्सुयामा, २१ ऑक्टोबर

चि. इसाओस अनेक आशीर्वाद.

तुला झापायला परवाच कागद घेतला होता. गेल्या वर्षी भरतीच्या तपासणीत खांदा दुखरा म्हणून तुला राखीव यादीत ढकललं, तेव्हा मी देवळात जाऊन आले. आणि तू लष्करासमोरच सगळ्यांत लांब फेकून दाखवलंस. जरा अलीकडे टाकायला काय झालं होतं? पण तुम्हा लोकांना मुद्दाम वाईट खेळणं जमतच नाही.

तुझं नाव अजून इथल्याच दप्तरी, म्हणून आज कचेरीचा कारकून तुझ्या भरतीचा लाल कागद घेऊन इथे आला. दोन्ही हातांनी दिला, अभिनंदन म्हणाला. मीही वाकून आभार मानले. न मानून सांगते कोणाला? आघाडीवरून आलेली तुझ्या भावोजींच्या राखेची पांढरी पेटी घरात आहे, तेवढी पुरे. डॉक्टरांना खांदा नीट दाखव. दुखत नसला तरी कण्ह.

लोभ आहेच; अक्कल वाढावी, ही विनंती.
तोमिए

झेंत्सुजी छावणी, २ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

हे पत्र रजेवर निघालेल्या आचाऱ्याच्या हाती देतो आहे, म्हणून खरं लिहितो. कण्हावं लागलंच नाही, हात वर गेलाच नाही. डॉक्टरांनी माझ्या फोटोचं कात्रण पुढे ठेवलं आणि म्हणाले, अठ्ठ्याहत्तर मीटर फेकणाऱ्याचा हात महिन्याभरात निकामी होतो होय? नाटकाबद्दल दोन थोबाडीत बसल्या, मग शिक्का. त्या दिवशी सामना कोण हरलं, ते त्यांच्या गावीही नव्हतं.

परवा बोटीत चढवणार. कुठे, ते विचारायचं नसतं. चवळी केलीस की वाटीभर माझ्या नावाने बाजूला ठेव.

तुझा इसाओ

मात्सुयामा, १२ नोव्हेंबर

चि. इसाओस आशीर्वाद.

कुठल्या पत्त्यावर टाकू, कळत नाही, छावणीच्याच टाकते.

श्राद्ध काल झालं. चवळी नुसती उकडून वाढली. तुझा लाल कागद आल्यापासून आळी अभिनंदनाला लोटली होती, आणि आलेल्याचं तोंड गोड करावंच लागतं. साखर तिथेच संपली. तेव्हा आळीप्रमुखांनी गोड खाता खाता विचारलं, त्या सामन्याचं काय झालं? म्हटलं, हरला. एकाच धावेने ना, असं म्हणत त्यांनी वाटी पुन्हा पुढे केली.

तुझी वाटी बाजूला ठेवली आहे. रिकामी आहे.

परत यावं, ही विनंती. लोभाचं मग बघू.
तोमिए