भात शिजेपर्यंत

कालीगेंतोंग, मध्य जावा
३ फेब्रुवारी १९९४

चि. पोनिराह हिस,
थोरल्या बहिणीचा सलाम व अ. उ. आ. वि. वि.

इकडे सगळे जिवंत आहेत, क्रोमोआजी सोडून. ती गेल्या मंगळवारी गेली. सोयाबीनचं टेंपे तळत होती, चुलीपाशी बसल्या बसल्याच मान टाकली. टेंपे करपलं नाही. गाव तिच्यापेक्षा त्याचंच कौतुक करतंय.

तिच्या जाण्यानं गावजेवणाचा भात शिजवायचा मान रिकामा झाला आहे. तीस वर्षांपूर्वी तू सरकारी जमिनीसाठी समुद्र ओलांडून लांपुंगच्या रानात गेलीस, तेव्हा तो तुझ्याकडून तिच्याकडे गेला. आता ती मातीत गेली. मी सहासष्टची. ह्या चाळीस घरांत माझ्याहून थोर दोघीच. एक आंधळी, दुसरीला तांदूळ कुठला आणि खडा कुठला ते कळत नाही. तर आता मान कुणाचा, हे कुणाला विचारायला नको.

पण विचारलं. जिल्ह्याच्या कचेरीनं फर्मान काढलंय की प्रत्येक गावानं आपली माहितीपुस्तिका करायची. त्यासाठी शहरातून रेत्नो नावाची कॉलेजातली पोरगी आली आहे. गळ्यात कॅमेरा, हातात वही. तिला उतरवलं कुठे? शेजारच्या तुमिराहकडे. का, तर तुमिराहच्या संडासाला फरशी आहे. माणसाची पारख हल्ली तिथून होते.

पोरगी दारोदार विचारत फिरली. गावात नावाजलेली जागा आहे का? नाही. मोठा माणूस? नाही. धबधबा, जुनी लढाई, काही? काही नाही. नारळाची साखर होते, पण ती आजूबाजूच्या सात गावांत होते. शेवटी गावप्रमुख दार्सो डोकं खाजवत म्हणाला की आमच्याकडे पीक निघाल्यावरच्या गावजेवणाचा भात असतो, तो शिजेपर्यंत शिजवणारी बाई तोंडातून एक शब्द काढत नाही, काढला तर भात कच्चा राहतो. पोरीचे डोळे चमकले. तिनं विचारलं की असा भात सगळ्यांत चांगला कुणी केला.

पोनिराह, अख्ख्या गावानं तुझं नाव घेतलं. एक म्हणाला, तिचा भात जाईच्या कळ्यांसारखा असायचा. हे सांगणारा तू गेलीस तेव्हा रांगत होता. तुमिराहनं तर पदर डोळ्याला लावला. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते उगाच नाही. मी इथं पिकले, तू जाऊन महाग झालीस.

मग दार्सो माझ्याकडेच आला. म्हणाला, पत्ता तुमच्यापाशी आहे, पोनिराहकाकूंना मेमधल्या गावजेवणाला बोलवा, भाताला त्याच बसतील, फोटो पुस्तिकेत छापू. हे मला सांगितलं. माझ्या हातानं लिहायला. तर लिहिलं. निरोप पोचला.

आता बहीण म्हणून चार गोष्टी. बसचे बाक मोडलेले आहेत. बोटीत तुला ओकाऱ्या होतात. मेमध्ये तुमची कॉफी तोडायला येते, ती काय माकडं तोडणार? आणि माझ्या घराला गळती आहे, निजायला बकरीशेजारचा कोपरा तेवढा कोरडा आहे. बाकी तुझी मर्जी.

लोभ आहे तेवढा पुरवून वापरावा.
तुझी ताई,
सादिनेम


कालीगेंतोंग बारू, लांपुंग
२ मार्च १९९४

ती. ताईच्या पायांशी,
सलाम व कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. क्रोमोआजीचं वाचून वाईट वाटलं. तुझं आमंत्रण वाचून मात्र इतकी हसले की घरधनी विचारायला आले, कोण मेलं? कुणी बोलावताना बकरीचा कोपरा दाखवतं का गं?

तुला वाटतं मी इकडे महाग होऊन बसले आहे. ताई, आम्ही आमच्या गावाला तुमचंच नाव दिलं, पुढे ‘बारू’ जोडून नवं केलं. पण इथल्या विहिरीचं पाणी लोखंडासारखं लागतं. इथलं सगळ्यांत जुनं थडगं माझ्या दिराचं. आईची कबर तुझ्या परसापासून शंभर पावलांवर आहे. तू तिच्यावरचं गवत काढताना कुरकुरतेस, ते तुझ्या पत्रात वाचलं की मला दोन दिवस जेवण जात नाही. कुरकुरायला तरी तुझ्याकडे गवत आहे.

आता खरं बोलते, रागावू नकोस. भाताला तुला बसायचं आहे. तसं सरळ लिहायचं होतंस. तू सगळ्यांना सांगतेस की पहिल्या खेपेला लाकूड ओलं निघालं म्हणून तुझा भात कच्चा राहिला आणि पुढल्या वर्षी मान माझ्याकडे आला. लाकूड ओलं नव्हतं, ताई. लाकूड मी आणलं होतं. सुपावर कोंबडी चढली आणि तू तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केलास. गावानं तो ऐकला. गाव कोंबडी विसरत नाही.

मी येत नाही. दार्सोला वेगळं पत्र घातलं आहे की माझे गुडघे वाकत नाहीत, भाताला ताईलाच बसवा, तिच्याइतकी आगीची जाण कुणालाच नाही. त्या दिवशी जिभेखाली एक लवंग ठेव. मी तेच करायची. कुणाला सांगू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.
तुझी धाकटी,
पोनिराह


कालीगेंतोंग
६ एप्रिल १९९४

चि. पोनिराह हिस,
सलाम व आ. वि. वि.

तुझं पत्र दार्सोनं बैठकीत मोठ्यानं वाचलं. गुडघ्यांपाशी आला तेव्हा बायकांनी च्च च्च केलं. शिफारशीपाशी आला तेव्हा तुमिराह म्हणाली की बघा, किती मोठं मन, एवढा मान बहिणीला देऊन टाकला. मग सगळ्यांनी माना हलवल्या आणि मला बसायचं ठरलं.

म्हणजे माझं जे होतं ते मला तुझ्या हातून मिळालं. वर तुझं मन मोठं झालं. तू न येताही माझ्या पाटावर बसतेस, ही कला कुठे शिकलीस? आई म्हणायची पोनिराह गरीब आहे, तिला बोलता येत नाही. तुला न बोलता सगळं घेता येतं, हे आईला कधी कळलं नाही.

कोंबडीचं म्हणशील तर ती कोंबडी वाईट होती. आणि लाकूड थोडं ओलं होतंच.

लवंगेचं आधी का नाही सांगितलंस? त्या कोंबडीला छत्तीस वर्षं झाली. मला वाटत आलं की तुझ्या अंगीच शहाणपण आहे, आणि ते म्हणजे लवंग!

सध्या गप्प बसायचा सराव करते आहे. पहिल्या दिवशी पाणी भरून येईपर्यंत टिकले. दुसऱ्या दिवशी बकरी आजारी असल्यासारखं माझ्याकडे बघायला लागली. चौथ्या दिवशी तुमिराह पेज घेऊन आली. तिला कुणीतरी सांगितलं की सादिनेमला अर्धांगवायू झाला, तोंड गेलं. पेज आळणी होती. ते तिला सांगता आलं नाही, हा दिवस मी तुझ्या नावावर लिहून ठेवला आहे.

लोभाचं पुढच्या पत्रात बघू.
तुझी ताई,
सादिनेम


कालीगेंतोंग
२१ ऑगस्ट १९९४

चि. पोनिराह हिस,
सलाम व अ. उ. आ. वि. वि.

गावजेवण होऊन तीन महिने झाले आणि मी पत्र घातलं नाही. पुस्तिकेची वाट बघत होते. काल आली. सोबत पाठवली आहे. पण आधी पत्र वाच, मग ती उघड.

त्या दिवशी उजाडताच चूल पेटवली. आईचा तांब्याचा हंडा, वर बांबूची निमुळती टोपली, जिभेखाली लवंग. समोर पाच जणी येऊन बसल्या. मदतीला नाही, मी कधी बोलते ते बघायला. पाणी गुरगुरायच्या आत तुमिराहनं सुरुवात केली. म्हणाली, पाणी कमी दिसतंय. मग म्हणाली, ह्यांच्या बकरीनं माझा रताळ्याचा वेल खाल्ला. मग आवाज खाली आणून म्हणाली की आईला खरं तर धाकटीच्याच हातचा भात गोड लागायचा. पोनिराह, माझ्याकडे प्रत्येकाला तीन-तीन उत्तरं तयार होती. सगळी लवंगेबरोबर चावली.

मग कोंबडी आली. शपथेवर सांगते, सुपावर चढली. पाचही जणींनी श्वास धरला. मी तिला खाऊ दिलं. पिकाची देवी श्री, तिचा भात आहे, कोंबडीलाही दोन दाणे पोचले. बायका हिरमुसल्या.

वाफ धरली तेव्हा ती रेत्नो आली. खाली बसून तिनं फोटो काढला. चांगली पोरगी, उगाच बोलू नये. वही उघडून गोड आवाजात तिनं विचारलं की आजी, तुमचं नाव काय.

छत्तीस वर्षं मी चुलीपाशी बसून हा प्रश्न ऐकायची वाट बघितली. आणि तोंडात लवंग, भात अर्धा कच्चा.

मी त्या पाच जणींकडे बघितलं. पाचही जणींना माझं नाव येतं. लग्नात, बारशात, उसनं मीठ मागताना येतं. एकीनं ओठ हलवला नाही. त्यांना बघायचं होतं की मी नाव वाचवते की भात. पोरगी जरा थांबली. मग तिनं वहीची मागची पानं चाळली, आपल्याशीच मान डोलावली, काहीतरी लिहिलं आणि गेली.

मी भात वाचवला. दाणा न् दाणा लांब, मोकळा. दार्सोनं सर्वांसमोर सांगितलं की मी हयात असेपर्यंत चूल माझी. तुमिराहनं दोनदा घेतला, आणि दुसऱ्यांदा पान भरताना माझ्याकडे बघितलं नाही. मी लवंग थुंकून नाव सांगायला धावले, तर पोरगी कचेरीतल्या साहेबांच्या जीपमधून निघून गेलेली.

आता पान अकरा उघड.

चेहरा माझा, सुरकुत्या माझ्या, आईचा हंडा. खाली छापलंय: गावजेवणाचा भात वाफवताना पोनिराहआजी.

दिसलं? तू तिकडे कॉफी तोडत बसलीस आणि इथं माझ्या तोंडाखाली छापून आलीस. काल तुमिराहनं ती ओळ मला मोठ्यानं वाचून दाखवली. म्हणाली, चूक होते छपाईत. पुस्तिका तूच ठेव. माझ्या घरी ती ठेवली तर चुलीत जाईल, आणि चूल माझी आहे.

तुझी, म्हणजे फोटोतली,
सादिनेम


कालीगेंतोंग बारू
१९ सप्टेंबर १९९४

ती. ताईच्या पायांशी,
सलाम व कृ. सा. न. वि. वि.

पुस्तिका पोचली. नातीनं पान अकरा बघून विचारलं, आजी, तू तिकडे कधी गेलीस आणि एवढी रागीट का दिसतेस? घरधनी म्हणाले, नाव खोटं असेल पण हा राग मी ओळखतो, ह्या रागानंच मला लग्नाच्या वेळी अंगणात उभं केलं होतं.

हसून झाल्यावर मात्र मी ते पान घेऊन मागं जाऊन बसले. माझं नाव आईच्या हंड्याखाली आहे आणि मी तो हंडा तीस वर्षांत हातात धरला नाही. तुला नावाचा जळफळाट, मला हंड्याचा. अदलाबदल करायची असली तर सांग, मी आजही तयार आहे.

कचेरीला लिहून चूक सुधारून घेऊ का? त्या मुलीचा पत्ता मिळवते. तुझ्या उत्तराची वाट बघते.

नाव माझं घे पण माया तुझी राहू दे.
तुझी धाकटी,
पोनिराह


कालीगेंतोंग
१० ऑक्टोबर १९९४

चि. पोनिराह हिस,
सलाम व अ. उ. आ. वि. वि.

कचेरीला काही लिहू नकोस. ते एक कागदाची पट्टी चिकटवतील, आणि पहिल्या दमट दिवशी ती निघून तू पुन्हा वर येशील. तुझी सवय मला माहीत आहे.

हंडा बदलून मिळणार नाही. बघायला मिळेल. पुढल्या मेमध्ये ये. गुडघ्यांचं सांगू नकोस, तुला वाकायचं नाही, नुसतं माझ्या डाव्या हाताला पाटावर बसायचं आहे. बसचे बाक नवे केले आहेत, म्हणजे केलेच असतील. घराच्या गळतीवर दार्सोनं कौलं घातली. बकरी बाहेर बांधते. आईच्या कबरीवरचं गवत मी तोपर्यंत काढत नाही, तूच काढ आणि कुरकुर.

दार्सो म्हणतो पुढल्या वर्षी पुन्हा कुणीतरी वही घेऊन येणार आहे. मी चुलीपाशी असेन, तोंडात लवंग असेल. समोर पाच जणी तोंड मिटून बसतील. ते माणूस वाकून विचारेल की आजी, तुमचं नाव काय.

तेव्हा तू बोल. जन्मभर गरीब राहिलीस, एकदा मोठ्यानं बोल. तुमिराहच्या घरापर्यंत ऐकू गेलं पाहिजे. काय बोलायचं ते खाली सुवाच्य लिहिते आहे. पाठ कर.

सादिनेम