‘आपण’ म्हणजे नक्की कोण?

तीर्थरूप आत्याच्या चरणी, कंबर धरल्यामुळे अर्धं वाकून पण मनाने पूर्ण नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं सुरू आहे, की डॉक्टरांनाच चालायला लावलंस? (तुझा काही भरवसा नाही.) इकडे सगळे खुशाल, म्हणजे मी सोडून. आपल्या हॉस्पिटलची धुलाईखोली तू निवृत्त झालीस तेव्हा होती तिथेच, तळघरात आहे. माणसंही तीच आहेत. फक्त बावीस वर्षं जिथे तू उभी राहिलीस, तिथे गेले दोन महिने मी आहे. तीन महिन्यांच्या बोलीवर मला प्रमुख केलंय हे तुला ठाऊक आहेच. जे ठाऊक नाही ते सांगतो. मोठ्या साहेबांची अट अशी, की या तीन महिन्यांत ऑपरेशन थिएटरच्या चादरी दोनदा उशिरा गेल्या तर सगळी धुलाई बाहेरच्या लॉन्ड्रीकडे, आणि आमची नऊ माणसं हॉस्पिटलभर जिथे जागा मिळेल तिथे. त्यातला एक उशीर मी वापरून टाकला आहे.

आधी कमरेचं सांगतो, दोन महिने ती धरलेलीच आहे. पहिल्या दिवशी रुबाबात आत गेलो आणि मोठ्या मशीनशेजारच्या तुझ्या स्टुलावर बसलो. मला वाटायचं, त्या स्टुलावरूनच तू सगळा कारभार हाकायचीस. स्टुलाला तीनच पाय होते. चौथा नुसता टेकवून ठेवलेला. मी खाली आणि नऊच्या नऊ माणसं तोंडाला टॉवेल लावून. (टॉवेलांना आमच्याकडे तोटा नाही.) इस्त्रीवाल्या काकूंनी मला उठवलं आणि सांगितलं की ते स्टूल अठरा वर्षं असंच आहे, ताई कधी बसल्या तर ना! त्या दिवसापासून माझं नाव ‘भाचेसाहेब’ पडलं. त्यात आदर किती आणि टोमणा किती, ते अजून मोजतोय.

मग साहेबांनी मला दोन दिवसांच्या प्रभावी नेतृत्वाच्या शिबिराला पाठवलं. तिथे एका टायवाल्या गृहस्थांनी सांगितलं की चांगलं काम करणाऱ्याची चारचौघांत स्तुती करावी. आल्या आल्या मी मोठ्या मशीनवरच्या मौनीबाबांच्या एकाग्रतेची स्तुती केली, चांगली हात उंचावून. मशीनच्या आवाजात त्यांना एक अक्षर ऐकू गेलं नाही. हात दिसला, म्हणून त्यांनी भरलेलं मशीन बंद केलं. दोनशे उशांचे अभ्रे साबणात तासभर बसून राहिले.

शेवटी शिबिराचा नाद सोडला आणि तुझीच नक्कल करायची ठरवलं. तुझं सगळं गुपित एका शब्दात आहे अशी माझी पक्की समजूत होती. तू कधी कुणाला ‘हे करा’ म्हणाली नाहीस. ‘आपण हे करूया’ म्हणायचीस, आणि ते होऊन जायचं. म्हटलं, शब्द तर फुकटचा आहे, वापरूया.

त्याच आठवड्यात थिएटरच्या मोठ्या सिस्टर येऊन सांगून गेल्या, उद्या ऑपरेशनं जास्त आहेत, दुप्पट चादरी आठच्या आत हव्यात. मी सगळ्यांना गोळा केलं, तुझ्यासारखाच आवाज खाली आणला आणि म्हणालो, “उद्या आपण सहाला यायचं आणि थिएटरच्या चादरी आधी काढायच्या.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मला भरून आलं गं!

आता ऐक. घड्या घालणाऱ्या वकिलाला (वकील नाही, वाद घालतो म्हणून नाव) वाटलं, ‘आपण’ म्हणजे भाचेसाहेब स्वतः. त्याच्या मित्रांत ‘आपण कुणाला घाबरत नाही’ म्हणतात, तसलं. काकूंना वाटलं, मी मौनीबाबांकडे बघत बोललो, म्हणजे वडीलधाऱ्या माणसाला आदराने ‘आपण यावं’ म्हणतोय. मौनीबाबांना तो सुविचार वाटला. आपण खरं बोलावं, आपण लवकर उठावं, त्या जातीचा. बाकीच्यांनी एकमेकांवर सोडलं. आणि मला काय वाटलं होतं? आत्या, तुझ्यापासून काय लपवू? मला वाटलं होतं, ‘आपण’ म्हणजे ते नऊ जण. मी साडेसातला पोचलो. दार बंद, मशीन थंडगार, आणि बाहेर मोठ्या सिस्टर कमरेवर हात ठेवून उभ्या.

पुढचे दोन तास जन्मात विसरणार नाही. कुणी मला एका शब्दाने बोललं नाही. काकूंनी फक्त वाळलेल्या चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः धरलं. तुला माहीतच आहे, चादरीची घडी घालायला दोन माणसं एकमेकांकडे चालत यावी लागतात. मी दर वेळी उलटा मागे जायचो. वकील ओरडून माझं डावं-उजवं सांगत होता. काकू हसत हसत म्हणाल्या, “भाचेसाहेब, ताईंचं ‘आपण’ म्हणून होईपर्यंत त्यांचे हात पाण्यात असायचे.” आत्या, त्या क्षणी मला तू इतकी मोठी वाटलीस! बावीस वर्षांत हा शब्द तू एकदाही नुसता वापरला नाहीस. साडेनऊला चादरी वर गेल्या. दुसऱ्या दिवशी काही न सांगता मी पावणेसहाला गेलो, तर नऊच्या नऊ माणसं तिथे चहा पीत उभी. माझा कप भरून ठेवलेला होता. या माणसांना कुणी बाहेरच्या लॉन्ड्रीसाठी पांगवावं, हे मला सहन होणार नाही.

बाकी सर्व ठीक. गुडघे जप.

तुझा,
भाचा

ता. क. १ : चादरी साडेनऊला नाही, सव्वादहाला गेल्या.

ता. क. २ : पत्राचं खरं कारण असं, की महिनाअखेरीस मोठे साहेब पाहणीला येऊन कायमचा निर्णय सांगणार आहेत. त्या दिवशी तू सहज आल्यासारखी ये आणि मशीनपाशी नुसती उभी राहा. काही बोलू नकोस.

ता. क. ३ : ताई, मी इस्त्रीवाली. पत्र पेटीत टाकायला भाचेसाहेबांनी माझ्याकडे दिलं. पाकीट चिकटवलेलं नव्हतं. (उघडं पाकीट वाचणं गुन्हा नाही असं वकील म्हणतो.) महिनाअखेरीस येऊ नका. त्या दिवशी आपण बघून घेऊ. पहिल्या महिन्यात तुम्हीही ‘आपण सहाला येऊया’ म्हणून स्वतः आठला आला होता, ते मी त्याला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. त्याच्यानंतर मात्र जरूर या. स्टुलाचा चौथा पाय त्याने बसवलाय. आता तुम्ही बसा.