पिहूच्या मांडीवरचा चट्टा

मंगळवार, रात्र

पिहूच्या मांडीवरचा चट्टा घामोळं नाही, नायटा आहे. विजय नगरच्या डॉक्टरीणबाईंनी बघताच सांगितलं. कडा लाल, उठलेली, मधे साफ. आणि मी आठवडाभर त्यावर पावडर थापत होते!

क्रीम दोनदा लावायचं, चट्ट्याच्या जरा बाहेरपर्यंत. दिसेनासा झाला तरी सांगितलेले दिवस पुरे करायचे. मेडिकलवरून मनाने कुठलीही ट्यूब आणायची नाही.

मग त्यांनी विचारलं, "घर में किसी को दाद-खुजली है?" सूनबाई मेघना म्हणाली, "नहीं जी." मी गप्प. का बसले गप्प?

परकराच्या नाड्याखाली दोन महिने खाजतंय मला. मेडिकलवाल्या भियाची ट्यूब लावते, चार दिवस दबतं, मग आणखीच पसरतं. सांगायची लाज वाटली. आणि नऊ महिन्यांची नात दिवसभर माझ्या कडेवर. तिचा तो चट्टा बरोब्बर माझ्या नाड्यावर टेकतो.

घरी येताना मेघना म्हणाली, "आई, कुठून आलं असेल हो?" मी सरळ खालच्या मांजरीचं नाव घेतलं. बिचारीचं दूध आजच बंद झालं.

संध्याकाळी पिहूने हात पसरले. मी घेतलं नाही. ती रडायला लागली, तेव्हा मेघनाला आत बोलावलं आणि नाडा सैल करून दाखवला.

मेघनाने फोन उचलून डॉक्टरीणबाईंकडे उद्याचा माझा नंबर लावला. मग खाली जाऊन मांजरीला दूध ठेवून आली.